कोजागिरीचा धक्का: इन्शुरन्सला कळवायचं की नाही?

प्रेषक: केतकी, रेडिंग
रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

काल कोजागिरी झकास झाली. दूध जरा जास्तच आटलं होतं, तो दोष माझा. दुसराही दोष माझाच, त्यासाठी हा मेल.

निघताना हॉलच्या पार्किंगमध्ये मी रिव्हर्स घेताना मिलिंददादांच्या उभ्या गाडीला ठोकलं. मंडळाची पातेली डिकीत मावली नाहीत म्हणून मागच्या सीटवर एकात एक रचली होती, त्यामुळे आरशात फक्त स्टील दिसत होतं. सेन्सर कोकलत होता, पण मला वाटलं झुडपाला पाहून कोकलतोय. माझ्या बंपरला त्यांच्या गाडीचा पांढरा रंग लागला, तो ओल्या फडक्याने निम्मा गेलासुद्धा. त्यांच्या बंपरचा मागचा डावा कोपरा मात्र आत दबलाय आणि खालची एक क्लिप लोंबतेय. कोणाला काही लागलं नाही. फोटो काढले, एकमेकांचे नंबर, पत्ते घेतले. (मिलिंददादा याच लिस्टवर आहेत, त्यांना विचारूनच लिहितेय.)

दादा म्हणाले, "अगं, आपल्यातलं आपल्यात मिटवू." त्यांच्या ओळखीच्या बॉडीशॉपवाल्याने फोटो पाहून १८० पौंड सांगितलेत. माझा एक्सेस (क्लेम केला तर खिशातून भरायची रक्कम) ४०० चा आणि नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची प्रीमियममधली सूट) ६ वर्षांचा. १८० साठी ४०० कोण भरेल? पण नवरा म्हणतो, क्लेम नको करू, पण कळव तरी. आमच्याकडे कालपासून यावर अबोला आहे.

पुण्यात हा प्रश्नच पडला नसता. बाबांनी ५० टक्के बोनस जपायला दोन्ही दरवाज्यांचे पोचे खिशातून पैसे घालून काढले होते, आणि कंपनीला त्याचा पत्ताही लागला नाही. इथे काय करतात?

केतकी

---

प्रेषक: नाना, हॅरो
सोमवार, सकाळी ६:१५

चि. केतकी,

मुळीच कळवू नकोस. मिलिंदला १८० पौंड दे, त्याच्याकडून "फुल अँड फायनल सेटलमेंट" असा कागद सही करून घे, आणि कागद फाइलला लाव. विषय संपला.

माझा अनुभव ऐक. सिग्नलला उभा असताना एकाने मागून येऊन ठोकलं. चूक शंभर टक्के त्याची, पैसेही त्याच्याच कंपनीने भरले. आणि पुढच्या वर्षी माझा प्रीमियम ७० पौंडांनी वाढला! फोन करून विचारलं, तर म्हणे तुम्ही आता "जास्त जोखमीचे" आहात. सिग्नलला थांबणं ही जोखीम असेल तर मग बोलायचंच काय?

खरं बोलणाऱ्याला भुर्दंड, असा हा कारभार आहे.

नाना

---

प्रेषक: स्वाती, ब्रॅकनेल
सोमवार, दुपारी १:०५

केतकी,

मी ९ वर्षं मोटार क्लेम्समध्ये काढली, म्हणून लंच टाकून लिहितेय. नाना, माफ करा, तुमचं पहिलं वाक्य चूक आहे. प्रीमियमचं म्हणालात ते मात्र खरं आहे.

इथे क्लेम करणं आणि कळवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लेम करायचा की नाही हे तुझ्या हातात आहे. कळवायचं की नाही हे मात्र पॉलिसी घेतलीस तेव्हाच ठरलंय. तुझ्या पॉलिसीची पुस्तिका उघड आणि "कंडिशन्स" बघ. क्लेम करायचा नसला तरी प्रत्येक अपघात कळवा, असं जवळजवळ सगळ्याच कंपन्या तिथे लिहितात. त्याच पानावर आणखी एक ओळ असते: आम्हाला न विचारता चूक कबूल करायची नाही आणि परस्पर तडजोडही करायची नाही. म्हणजे नानांचा कागद हीच पॉलिसीची अट मोडण्याची पहिली पायरी.

पोलिसांचं टेन्शन घेऊ नकोस. १९८८ च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टचं कलम १७० म्हणतं की थांबा, नाव, पत्ता आणि गाडीचा नंबर द्या. ते जमलं नाही तर २४ तासांत पोलिसांत कळवा. तू सगळं जागेवरच दिलंयस. (कोणत्या जनावरांना धक्का लागला तर थांबायचं, त्यांची यादीही याच कलमात आहे. घोडा, गाय, गाढव, खेचर, मेंढी, डुक्कर, बकरी, कुत्रा सगळे आहेत, मांजर नाही. ट्रेनिंगमध्ये आमच्या सरांचा हा आवडता प्रश्न होता.)

कळवलंस की ते "नोटिफिकेशन ओन्ली" (फक्त कळवलंय, क्लेम नाही) म्हणून नोंद करतात आणि ती नोंद "क्यू" नावाच्या डेटाबेसमध्ये जाते, जिथे कंपन्या एकमेकींच्या नोंदी पाहू शकतात. पैसे निघाले नाहीत तर बोनसला सहसा हात लागत नाही. पण प्रीमियम थोडा वाढू शकतो, काही कंपन्या वाढवतातच. हे मी लपवणार नाही.

न कळवल्याचा त्रास लगेच होत नाही, म्हणून तर लोक फसतात. रिन्यूअलच्या किंवा तुलना करणाऱ्या साइटच्या फॉर्मवर प्रश्न असतो: "गेल्या ५ वर्षांत कोणताही अपघात किंवा क्लेम, चूक कोणाचीही असो?" तिथे "नाही" वर टिक केलीस की विषय बदलतो. ग्राहक विम्याच्या २०१२ च्या कायद्याप्रमाणे निष्काळजीपणाने चुकीचं सांगितलं असेल तर पुढच्या क्लेमची रक्कम प्रमाणात कापू शकतात. जाणूनबुजून सांगितलं तर पॉलिसी सुरुवातीपासूनच रद्द करू शकतात आणि भरलेला प्रीमियम परत द्यायचं बंधनही त्यांच्यावर नसतं. मग पुढची सगळी वर्षं "तुमची पॉलिसी कधी रद्द झाली होती का?" या प्रश्नाला "हो" म्हणावं लागतं. त्यापुढे नानांचे ७० पौंड म्हणजे चिल्लर.

आणि मिलिंदचा स्वभाव चांगला आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. इंग्लंड-वेल्समध्ये गाडीच्या नुकसानीसाठी ६ वर्षांपर्यंत दावा लावता येतो, इजेसाठी साधारण ३ वर्षांपर्यंत. उद्या दुसऱ्या कोणाशी असंच झालं, त्याने भाड्याची गाडी घेतली आणि रोजचं भाडं लावत दोन महिन्यांनी बिल पाठवलं, तर कंपनी पहिलं हेच विचारेल: आम्हाला तेव्हाच का नाही सांगितलं? दुसऱ्याच दिवशी कळलं असतं तर आम्ही स्वस्तातली गाडी दिली असती. मी असं बिल पाहिलंय. बंपर ४५० चा होता आणि भाडं जवळजवळ ३ हजारांचं.

तुझा हिशोबही जरा चुकलाय. एक्सेस तुझ्या स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीला लागतो. मिलिंदच्या गाडीचे पैसे कंपनी देते तेव्हा तो सहसा लागत नाही. तुझा प्रश्न ४०० चा नाही, बोनसचा आहे.

आणि मिलिंद, फोटो पाहून दिलेल्या १८० च्या आकड्यावर जाऊ नकोस. बंपर उतरवून बघायला सांग.

स्वाती

---

प्रेषक: मिलिंद, स्लाऊ
मंगळवार, रात्री ९:२०

स्वाती, तुझ्या तोंडात साखर पडो म्हणणार होतो, पण नको.

आज बंपर उतरवला. आतल्या कोपऱ्यात ब्लाइंड स्पॉटचं रडार असतं हे मला गाडी घेतल्यापासून आज पहिल्यांदा कळलं. त्याचा ब्रॅकेट तुटलाय. बॉडीशॉपवाल्याने तो तळहातावर ठेवून दाखवला, काडेपेटीएवढा काळा प्लास्टिकचा तुकडा. ब्रॅकेट, पेंट आणि रडारचं कॅलिब्रेशन मिळून व्हॅटसकट १,१४० पौंड. केतकी, हा आकडा लिहायलाही लाज वाटतेय. खरंच, मी काही वाढवून सांगत नाहीये. कोटेशन तुला वेगळं पाठवलंय.

आता माझा प्रश्न. माझी गाडी उभी होती. मी आत चंद्र बघत होतो. मलाही माझ्या कंपनीला कळवावं लागेल?

मिलिंद

---

प्रेषक: स्वाती, ब्रॅकनेल
मंगळवार, रात्री ९:३१

हो. "चूक कोणाचीही असो." कळव, आणि पैसे केतकीच्या कंपनीकडून घेणार आहेस हेही सांग. चंद्र बघत होतो हे नाही सांगितलं तरी चालेल.

---

प्रेषक: नाना, हॅरो
बुधवार, सकाळी ६:०५

कागद करून घेतला असता तर हे ११४० मिलिंदच्या बोकांडी बसले असते, नाहीतर केतकीच्या. माझं ऐकलं नाहीत ते बरं केलंत.

७० पौंडांचं मात्र मी विसरलेलो नाही.

नाना

---

प्रेषक: केतकी, रेडिंग
गुरुवार, रात्री ११:१०

मंडळी,

काल फोन केला. २५ मिनिटं लागली, त्यातली १५ बासरीची तीच एक धून ऐकण्यात गेली. पलीकडे आयर्लंडकडचा वाटेल असा एक मुलगा होता. वेग किती, उजेड किती, गाडीत किती जण, कोणाला लागलं का, हा शेवटचा प्रश्न तीनदा. मागचं का दिसलं नाही म्हणून विचारलं, तर पातेल्यांचं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "हाऊ बिग अ पॉट?" मी सांगितलं, २०० माणसांचं दूध मावेल एवढं. त्याने ते टाइप केल्याचा आवाज आला.

मिलिंददादांच्या गाडीचे पैसे आता माझी कंपनी परस्पर भरेल. माझ्या गाडीसाठी मी काही मागितलं नाही, तो चरा तसाच राहू दे. बोनस त्यांच्या तक्त्याप्रमाणे ६ वर्षांवरून ३ वर येईल. पण रिन्यूअलच्या आधी मी ते १,१४० कंपनीला परत भरले तर बोनस वाचेल, हेही तो बोलता बोलता म्हणाला. स्वाती, हे असं असतं? माझं रिन्यूअल मार्चमध्ये आहे. तोवर दोन्ही बाजूंचे कोट काढून बघते आणि मग ठरवते.

नवऱ्याने अजून "मी म्हटलं नव्हतं?" असं म्हटलेलं नाही. वाट बघतेय.

आणि एक, ते मोठं पातेलं अजून माझ्याकडेच आहे. दिवाळी पहाटला लागणार ना? शनिवारी कोणाची मोठी गाडी रेडिंगकडे येत असेल तर घेऊन जा. मी ते पुन्हा मागच्या सीटवर ठेवणार नाही.

केतकी