'शेवटचा काळ' की 'अंतकाळ'?

अनुवादिका: संत ऑगस्टीनच्या 'देवाचे नगर' या ग्रंथावरचा लेख मराठीत करतेय. ४१० मध्ये अलारिकच्या गॉथ टोळ्यांनी रोम लुटलं, तेव्हा लोक म्हणू लागले की जुन्या देवांना सोडून ख्रिस्ती झाल्याचंच हे फळ. त्याला उत्तर म्हणून ४१३ ते ४२६ या काळात ऑगस्टीनने २२ खंड लिहिले. अखेरीस तो म्हणतो, इतिहासाचं सहावं, म्हणजे शेवटचं, पर्व चालू आहे, ते किती पिढ्यांचं हे मोजू नये. या पर्वाला मी 'अंतकाळ' लिहिलं. सासूबाई म्हणतात, अंतकाळ माणसाचा असतो, जगाचा नव्हे.

संस्कृतप्रेमी: सासूबाईंचं बरोबर आहे. अजामिळाच्या तोंडी नारायण आला तो अंतकाळी. तुम्ही 'युगान्त' घ्या.

नगरकर: युगान्त नको. कलियुग सरलं की पुन्हा कृतयुग. ख्रिस्ती इतिहास असा फिरून येत नाही, क्रूसावरचं मरण एकदाच. आमच्या मंडळीत पाळक 'शेवटचा काळ'च म्हणतात. १९९३ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आजी सगळ्यांना बजावत होती, "शेवटचे दिवस आलेत, दिव्यात तेल असू द्या." बायबलातल्या वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारींचा दाखला तो.

संस्कृतप्रेमी: पण मत्तय २४ मध्ये शिष्य 'युगाच्या समाप्ती'चंच चिन्ह विचारतात, तेही तुमच्याच मराठी बायबलात. शिवाय समाप्ती म्हणजे नुसतं संपणं नव्हे. सम् + आप्, पूर्णपणे मिळवणं. तिथल्या मूळ ग्रीक 'सुंतेलेइया' या शब्दातही पूर्तीचाच अर्थ आहे.

वसईची: धातू काही म्हणो, 'वेळ समाप्त' ऐकलं की मूल पेन खाली ठेवतं. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं ते साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून.

संस्कृतप्रेमी: साधं म्हणजे सपाट नव्हे. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६चं, ओवीबद्ध. संस्कृत शब्दांचं त्यांना वावडं नव्हतं.

नगरकर: मूळ मुद्दा निसटतोय. पेंटेकॉस्टच्या, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी पेत्र हा शिष्य योएल संदेष्ट्याचं वचन सांगतो, 'शेवटल्या दिवसांत' असं होईल, आणि म्हणतो की तेच आज तुमच्यासमोर घडतंय. म्हणजे शेवटचा काळ सुरू होऊन दोन हजार वर्षं होत आली. युद्धाची बातमी आली की यूट्यूबवर तारखा काढणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं. थेस्सलनीका शहराच्या सुरुवातीच्या मंडळीतही प्रभूचा दिवस आलाच अशी आवई उठली होती, काही जण कामधंदा सोडून फिरत होते. पौलाने ठणकावलं, ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये.

वसईची: पटलं. आमच्याकडे आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी येशूजन्माच्या गोठ्याचं वाचन नसतंच. 'जागे राहा' असतं.

अनुवादिका: मग 'शेवटचा काळ' लिहिलं तर वाचक उद्या-परवाचा हिशेब मांडणार. 'अखेरचं पर्व' कसं वाटतं?

संस्कृतप्रेमी: 'अखेर' अरबी, फारसीतून आलेलं. पर्वाशेजारी खटकतं.

वसईची: कुणाला खटकतं? 'महिनाअखेर' रोज म्हणतोच की!

नवा सदस्य: याच संदर्भात विचारतो. पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातलं (१ करिंथ १६) 'मारानाथा' अरामी आहे. 'माराना था' असं तोडलं तर 'आमच्या प्रभू, ये'. 'मारान अथा' तोडलं तर 'आमचा प्रभू आला आहे'. मराठीत कोणतं धरायचं?

नगरकर: 'प्रभू, ये'. बायबलाचं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण, त्याच्या शेवटीही हीच विनवणी आहे.

संस्कृतप्रेमी: 'ये'? प्रभूला एकेरी?

नगरकर: मराठी माणूस देवाला एकेरीच हाक मारतो. विठ्ठलाला कुणी 'अहो' म्हणतं का?