कॉलेजं उघडली, मग ऑनलाइन शिकणं चालू ठेवलंत का?

गोदाकाठ
पावसामुळे आज तास ऑनलाइन घेतला. मी पदवीच्या मुलांना संख्याशास्त्र शिकवते. तास संपताना एकजण म्हणाला, "मॅडम, रेकॉर्डिंग टाकाल ना?" आणि एकदम २०२० आठवलं. मी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. परीक्षा होणार की नाही हेच टांगणीला. २८ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला आणि ऑक्टोबरात मोबाइलवर एमसीक्यू सोडवले. तेव्हा "पुन्हा ऑनलाइनचं नाव नको" म्हणणाऱ्या माझ्या मैत्रिणी आज स्वतःहून कोर्स करतायत. मला वाटतं मुलांना ऑनलाइन हवंय, पण वर्गाच्या जोडीला, वर्गाऐवजी नाही. तेव्हा कॉलेजात असलेल्यांनी लिहा, कितीही लिहा.

कंदी_साताऱ्याचा
आमच्याकडे रेंज फक्त गोठ्यामागे. हजेरीला माझ्याआधी म्हैस रेकायची, सर म्हणायचे "प्रेझेंट लावली" 😄 दिवसाचा दीड जीबी दुपारीच खलास. तरी ऑनलाइन सोडलं नाही. आता पुण्यात नोकरी, रात्री एनपीटेल, म्हणजे आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स. आता वायफाय आहे आणि विषय मी निवडलाय, सगळा फरक त्यातच आला.

शेवंती
आणि केमिस्ट्रीवाल्यांनी काय करायचं? थेंबाथेंबाने द्रावण सोडायची ब्युरेट अख्खं दुसरं वर्ष हातात धरली नाही. व्हिडिओत गुलाबी रंग आला की सर म्हणायचे, रीडिंग लिहून घ्या. २० ऑक्टोबर २०२१ ला कॉलेजं उघडली, मग लॅबमध्ये तोटी एका थेंबावर थांबवायला शिकले. आधी दर वेळी गडद गुलाबी, म्हणजे रीडिंग गेलं. हे बोटांनाच शिकावं लागतं. थिअरी खुशाल ऑनलाइन ठेवा, प्रॅक्टिकल नाही म्हणजे नाही.

आळशीमांजर
शेवंती +१
घरात फोन एक, आम्ही भावंडं दोघं. आईचा निवाडा: ज्याची परीक्षा त्याचा फोन. मी बहुतेक लेक्चर्स रात्री रेकॉर्डिंगवर ऐकली, दीडपट स्पीडने. रेकॉर्डिंग नसतं तर वर्ष गेलं असतं. गोदाकाठ, त्या मुलाला नक्की द्या हो.

लिंबूटिंबू
कुकर लावलाय, थोडक्यात लिहिते. लग्नानंतर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून एमए केलं. ते १९८९ पासून आहे. घर सांभाळून शिकणं आम्हाला नवं नव्हतं. बाकी नंतर

रातराणी
मला तेव्हाही आवडलं नाही, आताही नको. सगळ्यांचे कॅमेरे बंद, काळ्या चौकोनांत नुसती नावं. मे २०२१ मध्ये बाबा गेले. त्याच आठवड्यात मी लेक्चरला लॉगिन होते आणि कुणाला पत्ता नाही. बाकावर शेजारी कुणी असतं तर चेहऱ्यावरून ओळखलं असतं.

गोदाकाठ
रातराणी, फार वाईट वाटलं गं. म्हणून मी ऑनलाइन तासाला आधी पाच मिनिटं नुसत्या गप्पा मारते. ज्याचा आवाज येत नाही त्याला नंतर फोन करते.

आळशीमांजर
🙏 रातराणी

मुक्काम_बुलढाणा
स्वयं या सरकारी पोर्टलवरच्या ऑनलाइन कोर्सचे क्रेडिट तुमच्या कॉलेजात धरतात का? यूजीसीच्या २०२१ च्या नियमांत सत्राचे ४० टक्क्यांपर्यंत विषय तिथून घेता येतात. आमच्या ऑफिसात विचारलं तर "अर्ज ठेवून जा".

कंदी_साताऱ्याचा
आधी विभागप्रमुखांना भेट, कोर्स सुरू होण्याआधीच लेखी मंजुरी घे. शिकणं फुकट, परीक्षेची फी वेगळी. स्वयंवरच्या एनपीटेल कोर्सला असाइनमेंटचे २५ टक्के, परीक्षेचे ७५, आणि परीक्षा केंद्रावर जाऊनच. घरून देता येईल या भरवशावर राहू नकोस.

मुक्काम_बुलढाणा
धन्यवाद दादा, उद्याच जातो.

लिंबूटिंबू
आले. शेवंती, ब्युरेट म्हणजे ती उभी काचेची नळी ना? लेक अकरावीला आहे. क्लासवाले म्हणतात प्रॅक्टिकलला नाही गेली तरी चालेल.

शेवंती
हो ताई, तीच. आणि मुळीच चालणार नाही! थांबा, व्यनि (खासगी निरोप) करते.