बाल्कनी घ्याच, पण आधी व्हिसा बघा

दोघांची पहिलीच क्रूझ आणि तीही अलास्काची, तर बाल्कनीवाल्या खोलीचे जादा पैसे टाकावेत का, असं एकांनी विचारलंय. आमचं मत विचाराल तर टाका. ग्लेशियर बे या हिमनद्यांच्या खाडीत बोट कुठल्याही बंदराला लागत नाही, सगळं बोटीवरूनच बघायचं. मार्जरी हिमनदीसमोर ती थांबते आणि सावकाश जागच्या जागी फिरते, त्यामुळे डावी बाजू की उजवी हा वाद घालू नका. (आम्ही बुकिंगच्या वेळी आठवडाभर घातला!) बर्फाचा कडा आधी नुसता खाली सरकताना दिसतो, आवाज नंतर येतो. तिथले मूळचे ट्लिंगिट लोक त्या आवाजाला 'पांढरा गडगडाट' म्हणतात. ह्यांच्या हातातला चहा तोवर गार झाला होता.

जुलै असला तरी कानटोपी, हातमोजे आणि वरून पावसाचं जाकीट लागतंच. वाटेतल्या केचिकन बंदराला तर आपल्या कोकणासारखी झोड असते. छत्री वाऱ्यात टिकत नाही, नेऊ नका.

स्कॅग्वे बंदराला व्हाइट पासची छोटी रेल्वे चुकवू नका. १८९८ला सोनं शोधायला उडालेल्या झुंबडीत बांधायला घेतलेली, दोन रुळांमधलं अंतर तीनच फूट.

आणि महत्त्वाचं राहिलंच. सिएटलहून निघणाऱ्या बोटीही अमेरिकेच्या कायद्यामुळे मध्ये परदेशी बंदराला, बहुधा कॅनडातल्या व्हिक्टोरियाला लागतात. भारतातून फक्त अमेरिकेच्या व्हिसावर येणार असाल, तर कॅनडाचाही काढा. खाली उतरणार नसलात तरी.