दोऱ्याने मोजलेला छेद

भूवैज्ञानिक छेदांवरच्या (म्हणजे जमीन उभी कापली तर थर कसे दिसतील, त्या चित्रांवरच्या) चर्चेत कुणीतरी म्हटलंय की घड्या-भेगा उलगडून थरांच्या लांब्या जुळल्या म्हणजे छेद बरोबर. अर्धंच पटतंय. न जुळणारा छेद बहुधा चुकलेला असतो. पण एकाच नकाशातून जुळणारे दोन-तीन वेगळे छेदही निघतात. भूवैज्ञानिक डालस्ट्रॉमने १९६९ मध्ये कॅनडातल्या रॉकीज पर्वतांच्या संदर्भात लांब्या जुळवण्याचे हे नियम मांडले, तेव्हापासून हा घोळ आहेच.

चर्चेत न आलेली गोष्ट म्हणजे छेदरेषेची दिशा. एम.एस्सी.ला हिमाचलातल्या कांगड्यात, ज्वालामुखी गावाच्या नावाच्या थ्रस्टचा (खडकांचा एक गठ्ठा दुसऱ्यावर चढलेला असतो ती भेग) छेद काढताना मी रेषा रस्त्याकडेने घेतली, कारण उघडे खडक तिथेच सापडतात. ट्रेसिंग पेपरवर दोरा लावून शिवालिकचा थर मोजला, तर थ्रस्टच्या वरची लांबी खालच्यापेक्षा २ सेंटिमीटर जास्त. १:५०,००० ला म्हणजे तब्बल १ किलोमीटर! दोन रात्री खोडरबर झिजवला. थर सरकलेत नैऋत्येला, माझी रेषा तिरकी; खडक कागदाच्या आत-बाहेर गेल्यावर लांब्या जुळणार कशा? रेषा थरांच्या ओळीला काटकोनात घेतली आणि फरक बराच आटोक्यात आला. आणि हो, वरच्या थराचं पुढचं टोक झिजून गेलं असेल, तर छेदातून निघणारं आकुंचन (थर दाबले जाऊन प्रदेश किती आखडला ते) फक्त किमान असतं.