मदत हवी आहे: बिनपिसांचा बाण डावीकडेच जातोय

नमस्कार मंडळी, मी इंदूरचा. शिकार नाही, फक्त टार्गेट. उजव्या हाताने मारतो. लाकडी रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य), २८ इंच ओढल्यावर ४० पाउंड जोर, बाण थेट शेल्फवरून (मुठीवरच्या खाचेवर टेकवून). कार्बन बाण, स्पाइन ५०० (बाण किती वाकतो त्याचा आकडा, मोठा म्हणजे मऊ), लांबी ३० इंच.

१५ मीटरवर पिसांचे तिन्ही बाण तळहाताएवढ्या जागेत बसतात, चाचणीसाठी मारलेला बिनपिसांचा मात्र ८ इंच डावीकडे, म्हणजे उजव्या हातवाल्यासाठी बाण कडक असल्याची खूण. १२५ ग्रेनचं (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) टोक काढून १७५चं लावलं (जड टोकाने बाण जास्त वाकतो), तेव्हा ४ इंचांवर आला. म्हणजे बाण खरोखरच कडक असावा, धनुष्याला आपटून फसवत नसावा. ब्रेस हाइट (मूठ ते दोरी अंतर) साडेसात ते आठ इंच करून पाहिली, फरक शून्य. वर-खाली अजिबात जात नाही. नवे ६०० स्पाइनचे सध्या परवडणार नाहीत.

शेल्फच्या बाजूचं चामडं, ज्याला बाण टेकतो, ३ मिमी जाड आहे. आधी ते पातळ करू, की २२५ ग्रेनचं टोक लावू?