मदत हवी आहे: जँगोमध्ये काढ्याच्या लिंकवर कढी उघडते

नमस्कार मंडळी,

आईच्या आणि आत्याच्या वहीतल्या पाककृती एका जागी याव्यात म्हणून घरच्यापुरती साइट करतोय. जँगो (पायथनमध्ये वेबसाइट बांधायची चौकट) ४.२, डेटाबेस एसक्यूलाइट. पायथन बऱ्यापैकी येतं, वेबचा मात्र पहिलाच प्रयत्न. पत्ते मराठीतच हवेत असा माझा हट्ट, आणि तिथेच गाडी अडली आहे.

सुरुवातीला यूआरएल्समध्ये, म्हणजे कोणत्या पत्त्यावर कोणतं पान या यादीत, असं होतं (स्लग म्हणजे शीर्षकावरून केलेला पत्त्याचा तुकडा; कोडही देवनागरीतच लिहितोय, सांभाळून घ्या):

पाथ('पाककृती/<स्लग:स्लग>/', व्ह्यूज.दाखवा)

यादीचं पान उघडलं की नोरिव्हर्समॅच, म्हणजे लिंकचा पत्ताच तयार होत नाही. पत्ता हाताने टाकला तर ४०४, पान सापडत नाही. कुठेतरी वाचून 'स्लग' कन्व्हर्टरच्या (पत्त्याच्या त्या तुकड्यात काय चालेल हे ठरवणारा) जागी 'स्ट्र' केलं, तर पानं उघडायला लागली. मग 'पाककृती/नवी/' हे फॉर्मचं पान बंद पडलं. ती ओळ वर नेली तेव्हा चाललं. म्हणजे क्रमाला महत्त्व आहे एवढं कळलं.

आता खरी अडचण. काढ्याच्या लिंकवर टिचकी मारली की कढी उघडते. बाकी पाककृती नीट. यूआरएल्समधल्या ओळी वरखाली करून थकलो. काल आत्याचा फोन: "अरे, सर्दीवर ताकाची कढी प्यायची होय?" तिला काय सांगू?

मॉडेलमध्ये स्लगफील्ड आहे, अलाउ_युनिकोड=ट्रू. सेव्हमध्ये शीर्षकाचा स्लग करणारं स्लगिफाय(शीर्षक, अलाउ_युनिकोड=ट्रू). व्ह्यूमध्ये स्लगवर फिल्टर आणि फर्स्ट, म्हणजे जुळणाऱ्यांतली पहिली नोंद. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

यूआरएल्सचा क्रम सोडा, दोन्ही पाककृती एकाच ओळीतून जातायत, तिथे क्रम काय करणार? शेल उघडा, स्लगिफायला 'काढा' द्या आणि काय येतं ते इथे टाका. आणि स्लगवर युनिक=ट्रू (तोच स्लग दोनदा नको) नाही का लावलं?

धागाकर्ता

अरे देवा. 'काढा' दिलं तर 'कढ' येतं. 'कढी' दिलं तरी 'कढ'! 'पुरणपोळी'चं 'परणपळ' झालंय. ब्राउझरमधून पत्ता कॉपी केला की नुसती टक्क्याची चिन्हं येतात, त्यामुळे कधी लक्षच गेलं नाही.

युनिक होतं. काढा सेव्ह करताना इंटिग्रिटी एरर यायची म्हणून काढून टाकलं.

प्रतिसाद १

घंटा वाजत होती, तुम्ही घंटाच उतरवून ठेवली. फर्स्टच्या जागी गेट असतं तर निदान मल्टिपलऑब्जेक्ट्सरिटर्न्ड ही 'एकाहून जास्त नोंदी सापडल्या' अशी एरर तरी आली असती. क्रम दिला नसेल तर फर्स्ट आयडीप्रमाणे लावून पहिली नोंद देतं. कढी आधी भरली असणार.

प्रतिसाद २

मी या खड्ड्यात पडून उठलेलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

स्लगिफाय आतून रेगेक्स (अक्षरं जुळवायचा साचा) वापरतं: बॅकस्लॅश डब्ल्यू, मोकळी जागा आणि आडवी रेघ सोडून बाकी सगळं पुसून टाक. पायथनच्या 're' मॉड्यूलला बॅकस्लॅश डब्ल्यू म्हणजे अक्षर, अंक किंवा अंडरस्कोअर. आपला काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, पाय मोडायचं चिन्ह, यांतलं काहीच युनिकोडच्या हिशेबी 'अक्षर' नाही. ती सगळी एम गटातली 'चिन्हं'. त्यामुळे क ठेवला, काना पुसला, ढ ठेवला, पुन्हा काना पुसला. उरला 'कढ'. शेलमध्ये नुसत्या कान्यावर इजअल्नम (अक्षर किंवा अंक आहे का?) चालवून बघा, फॉल्स येईल. अलाउ_युनिकोड जर्मन उम्लाउटवाल्यांना पुरतं, आपल्याला नाही.

सुरुवातीच्या ४०४चं कारण वेगळं. पाथमधला 'स्लग' कन्व्हर्टर फक्त रोमन अक्षरं, ० ते ९, आडवी रेघ आणि अंडरस्कोअर घेतो. मॉडेलमध्ये अलाउ_युनिकोड दिलं म्हणून तो बदलत नाही, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. पत्ता तयार करतानाही जँगो तोच रेगेक्स लावून बघतं, म्हणून यादीवर नोरिव्हर्समॅच. 'स्ट्र' तिरकी रेघ सोडून काहीही गिळतो. तुमचं 'नवी' त्यानेच गिळलं, कारण वरून खाली जाताना जी ओळ आधी जुळेल तीच घेतली जाते.

उपाय: स्वतःचं छोटं फंक्शन लिहा. प्रत्येक कॅरॅक्टर घ्या. इजअल्नम असेल, किंवा युनिकोडडेटाच्या कॅटेगरीचं पहिलं अक्षर एम असेल तर ठेवा, नाहीतर आडवी रेघ. स्लगफील्डही बदला, कॅरफील्ड करा. त्याचा व्हॅलिडेटर तोच रेगेक्स वापरतो, त्यामुळे ॲडमिनमध्ये 'काढा' हा स्लग तो नाकारेल.

प्रतिसाद ३

एवढा खटाटोप कशाला? रोमनमध्ये ठेवा की. 'पुरणपोळी'त ८ कोडपॉइंट (काना-मात्राही सुट्या मोजून), प्रत्येकाचे यूटीएफ-८मध्ये ३ बाइट, प्रत्येक बाइट टक्क्यासह ३ कॅरॅक्टर. झाले ७२. हे कुणाला पाठवणार?

प्रतिसाद २

हिशेब बरोबर आहे, पण मराठी साइटचा पत्ता मराठीत असावा हा हट्ट मला मान्य आहे. मधला मार्ग: 'पाककृती/<इंट:पीके>/<स्ट्र:स्लग>/'. शोधायचं फक्त पीकेवर, म्हणजे नोंदीच्या क्रमांकावर; स्लग नुसता शोभेचा. स्लग जुळला नाही तर बरोबर पत्त्याकडे रिडायरेक्ट. उद्या शीर्षकातलं शुद्धलेखन सुधारलंत तरी जुनी लिंक मरणार नाही. फक्त 'इंट' ० ते ९ रोमन अंकच ओळखतो, हाताने १२ असं देवनागरीत टाकलंत तर ४०४.

धागाकर्ता

झालं! काढा काढ्याच्या जागी, कढी कढीच्या. दोघांचेही आभार. 'नवी'ची ओळ आता खाली नेली तरी चालते, पण वरच ठेवलीय.

एकच शेपूट उरलंय. 'पुऱ्या'चा स्लग 'पुर्-या' असा मधेच तुटतो. 'भाकऱ्या' मात्र व्यवस्थित.

प्रतिसाद २

पुऱ्या एकाने टंकल्या आणि भाकऱ्या दुसऱ्याने, बरोबर? हा ऱ्य दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, ऱ हे वेगळं अक्षर घेऊन पाय मोडायचा. दोन, साधा र, पाय मोडला आणि मग झेडडब्ल्यूजे हा न दिसणारा जोडक, कोड २००डी. पडद्यावर दोन्ही सारखेच. जोडक ना अक्षर ना एम गटातला, तो सीएफ गटात येतो, म्हणून तुमच्या फंक्शनने तिथे रेघ मारली. फंक्शनच्या पहिल्याच ओळीत 'र, पाय, जोडक' या तिघांच्या जागी 'ऱ, पाय' टाका, आणि उरलेले जोडक पुसा.

धागाकर्ता

अगदी तसंच. पुऱ्या आत्याने तिच्या जुन्या कॉम्प्युटरवर टंकल्या होत्या, भाकऱ्या मी मोबाइलवर. ओळ टाकली, 'पुऱ्या' सांधल्या. आत्याला काढ्याची नवी लिंक पाठवलीय. तिचं उत्तर आलं: "कढीनेच बरं वाटलं."