कार्नोच्या सूत्राने ९२ टक्के येतायत, प्लांटमध्ये सांगितले ३६. कुठे चुकतंय?

मेक_तिसरं_वर्ष: नमस्कार, मी मेकॅनिकल डिप्लोमाला आहे. मागच्या आठवड्यात औष्णिक वीज केंद्राची व्हिजिट झाली, तिथले साहेब म्हणाले टर्बाइनला वाफ ५४० डिग्रीला येते, कंडेन्सरला (वाफेचं परत पाणी होतं तिथे) साधारण ४५ असतं आणि एफिशिअन्सी ३६ च्या आसपास. घरी येऊन कार्नोचं सूत्र (आदर्श इंजिनाची जास्तीत जास्त एफिशिअन्सी = १ वजा थंड तापमान/गरम तापमान) लावून १ वजा ४५/५४० केलं तर ९१.७ टक्के आले!! सोमवारी रिपोर्ट द्यायचाय, प्लीज सांगा

क्लासवाले_सर: अरे सेल्सिअस टाकलंस, केल्विन घे. दोन्हीत २७३ मिळव, ८१३ आणि ३१८ होतात, १ − ३१८/८१३ म्हणजे ६१ टक्के. नुसता तापमानातला फरक काढायचा असेल तर सेल्सिअस चालतं पण भागाकार आला की नाही चालत, कारण सेल्सिअसचं शून्य ही बर्फ वितळायची खूण आहे, तिथे उष्णता संपत नाही. दरवर्षी पेपरात हीच चूक बघतो.

मेक_तिसरं_वर्ष: थँक्यू सर, ६१ आले. पण मग वरचे २५ कुठे गेले?

बॉयलर_शिफ्ट: वीज केंद्रात ऑपरेशनला २२ वर्षं काढली, म्हणून सांगतो. ६१ ही त्या दोन तापमानांमधल्या आदर्श इंजिनाची मर्यादा झाली, ती गाठायची तर सगळी उष्णता ५४० लाच आत जायला हवी. प्रत्यक्षात पाणी बॉयलरमध्ये शिरतं अडीचशेच्या आसपास, मग उकळतं, मग वाफ अजून तापून सुपरहीट होते, त्यामुळे उष्णता घेतानाचं सरासरी तापमान बरंच खाली येतं. समजा ३५० धर, १ − ३१८/६२३ म्हणजे ४९ टक्के. इथेच १२ गेले बघ, आणि यात कुणाची चूक नाही, पाणी-वाफेचा स्वभावच तो. मग बॉयलरचे ०.८६ (चिमणीवाटे जातं, कोळशातला ओलावा खातो), टर्बाइनचे ०.८८, गुणाकार कर, ३७ येतात. फॅन, पंप, कोळशाच्या मिल यांना लागणारी वीज वजा केलीस की अजून खाली.

आणि आम्ही कंट्रोल रूममध्ये कार्नो कधीच काढला नाही, हीट रेट बघायचो. विजेच्या एका युनिटमागे किती किलोकॅलरीचा कोळसा जळला ते. एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी, हीट रेट २४०० असेल तर ८६०/२४००, ३५.८ टक्के. रिपोर्टमध्ये हे नक्की लिही, साहेबांचे ३६ तिथूनच आलेले असणार.

क्लासवाले_सर: छान सांगितलंत काका. एकच जोडतो, हे सगळं आपल्याकडे जीसीव्हीवर (कोळशाचं एकूण उष्णतामूल्य, धुरातल्या वाफेतली उष्णता धरून) काढतात. युरोपातले आकडे बहुतेक एलसीव्हीवर (ती वाफेतली उष्णता सोडून) असतात, तोच प्लांट त्या हिशोबात जास्त दिसतो, तेव्हा नेटवरून आकडा उचलून शेजारी ठेवू नकोस.

मेक_तिसरं_वर्ष: ओके, म्हणजे जीसीव्ही विचारायलाच हवा. उद्या साहेबांना फोन करतो, हीट रेट पण विचारतो.

बॉयलर_शिफ्ट: हो, आणि जीसीव्ही कुठल्या सॅम्पलचा ते पण विचार, वॅगनमधल्या कोळशाचा की बंकरमधल्या (बॉयलरला जाण्याआधीच्या साठ्यातल्या). यार्डात पडून कोळशाचं उष्णतामूल्य उतरतं.